गोड्या पाण्यातील तांबे : मर्यादा कोणाच्या सोयीची?

तांब्याच्या खाणीच्या किंवा भट्टीच्या खालच्या अंगाला राहणारा मच्छीमार, जाळे रिकामे येत असल्याची तक्रार घेऊन सरकारी कचेरीत गेला की त्याला एक ठराविक उत्तर मिळते : सांडपाणी विहित मर्यादेत आहे. या उत्तरापुढे त्याचा आवाज बसतो. ही मर्यादा कोणी ठरवली, कोणासाठी ठरवली आणि ती पाळली गेल्यावरही मासा का मरतो, हे विचारण्याची साधने त्याच्या हाती नाहीत. ते विचारणे हे संघटित कामगारवर्गाच्या पक्षाचे काम आहे. ते काम आपण पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेले नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपल्यातील अनेक साथी अजूनही असे मानतात की, नदीतील माशांचा प्रश्न हा पांढरपेशा निसर्गप्रेमींचा विषय आहे. खाणीतील कामगाराच्या भाकरीपुढे त्याची मातब्बरी ती काय? प्रस्तुत लेखाचा रोख सरकारी उत्तरावर जितका आहे, तितकाच या समजुतीवरही आहे.

विष कसे काम करते

तांबे हे सजीवांना अल्प प्रमाणात आवश्यक असते, असे उद्योगपतींचे प्रवक्ते आग्रहाने सांगतात. ते खरे आहे. पेशींच्या श्वसनक्रियेतील काही विकरे तांब्यावाचून चालत नाहीत. परंतु मीठही शरीराला लागते, म्हणून कोणी समुद्राचे पाणी पिऊन जगत नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि गोड्या पाण्यातील माशाच्या बाबतीत आवश्यक आणि घातक यांमधील अंतर अत्यंत थोडे आहे.

त्याचे कारण माशाच्या शरीररचनेत आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात सभोवतालच्या पाण्यापेक्षा क्षारांचे प्रमाण कितीतरी अधिक असते. हे क्षार कल्ल्यांतून सतत पाण्यात झिरपत राहतात, आणि ही झीज भरून काढण्यासाठी मासा कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या द्वारे पाण्यातील सोडियम अहोरात्र आत ओढून घेत असतो. पाण्यात विरघळलेल्या तांब्याचे आयन नेमके या यंत्रणेवर जाऊन बसतात. सोडियम आत घेणारे विकर निकामी होते. रक्तातील क्षार घटतात, रक्त दाट होते, हृदयावरील भार वाढतो आणि अखेरीस रक्ताभिसरण कोलमडते. कल्ल्यांवर चिकट स्राव साचल्याने प्राणवायू मिळणेही कठीण होते. मेलेला मासा पाण्यावर तरंगू लागतो तेव्हा ही सारी क्रिया पूर्ण झालेली असते.

परंतु तरंगणारा मासा हा या विषाचा सर्वात ढोबळ पुरावा होय. त्याहून पुष्कळ कमी प्रमाणात, म्हणजे लिटरमागे अवघ्या काही मायक्रोग्रॅम तांब्यानेही, माशाचे घ्राणेंद्रिय बधिर होते, हे उत्तर अमेरिकेतील सॅमन माशांवरील प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. जखमी माशाच्या त्वचेतून एक द्रव्य पाण्यात पसरते. त्याचा वास येताच आसपासचे मासे सावध होऊन स्तब्ध राहतात. तांब्याच्या पाण्यात राहिलेल्या पिलांना ही खूण कळत नाही आणि ती शिकारी माशांच्या तोंडी सहज सापडतात. आपल्या नद्यांतील रोहू, कटला, मृगळ ज्या कार्प कुळातील आहेत, त्या कुळातही धोक्याची हीच खूण असते. अशा नदीत सामूहिक मृत्यूचे दृश्य दिसत नाही, वृत्तपत्रात छायाचित्र येत नाही. केवळ दरवर्षी पिलांची संख्या घटत जाते.

तिसरा आघात अन्नावर होतो. एकपेशीय शेवाळ आणि पाणपिसवांसारखे सूक्ष्म जीव, ज्यांवर माशांची पिले वाढतात, ते तांब्याला फारच हळवे असतात. हे ज्ञान नवे नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेटच. तलावातील शेवाळ मारण्यासाठी ते जगभर वापरले जाते, आणि चुन्याबरोबर त्याचे बोर्डो मिश्रण करून द्राक्षावरील व सुपारीवरील बुरशी मारली जाते, हे आपला शेतकरी जाणतो. जो पदार्थ पाण्यातील जीव मारण्यासाठी हेतुपूर्वक विकला जातो, तोच सांडपाण्यातून वाहिला की निरुपद्रवी ठरतो, असे मानावयास आपणास सांगितले जात आहे!

मर्यादेचे अंकगणित

आता विहित मर्यादा म्हणजे काय ते पाहू. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये नद्या-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात तांब्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम आहे. याच्या शेजारी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांसाठी सांगितलेले आकडे ठेवून पाहा. पाण्याचा कठीणपणा लिटरमागे १०० मिलिग्रॅम असता, विरघळलेल्या तांब्याची अल्पकालीन मर्यादा १३ आणि दीर्घकालीन मर्यादा ९ मायक्रोग्रॅम! अमेरिकन भांडवलशाही ही काही माशांची कैवारी नव्हे; तिच्याच शास्त्रज्ञांनी तिच्याच कायद्यासाठी काढलेले हे आकडे आहेत. २००७ पासून त्या संस्थेने पाण्याचा सामू, त्यातील क्षार आणि सेंद्रिय द्रव्य लक्षात घेऊन ठिकाणागणिक हिशेब करण्याची पद्धती स्वीकारली, कारण मृदू पाण्यात तेच तांबे अधिक घातक ठरते. आपल्याकडे मात्र हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत सर्व पाण्यांना एकच आकडा पुरतो.

यावर उत्तर ठरलेले आहे : सांडपाणी नदीत मिसळते, विरळ होते. हिशेब करू. ३,००० मायक्रोग्रॅमचे एक लिटर पाणी ९ वर आणावयाचे, तर त्यात तांब्याचा अंशही नसलेले ३३० लिटरहून अधिक पाणी मिसळले पाहिजे. चैत्र-वैशाखात आपल्या नद्यांच्या पात्रात इतके पाणी कोठून यावयाचे? उन्हाळ्यात कित्येक ओढ्यांत वाहते ते पाणी म्हणजे सांडपाणीच असते. दुसरे उत्तर असे की, सर्वच तांबे विरघळलेले नसते, पुष्कळसे गाळाला चिकटून तळाशी बसते. हेही खरे आहे. परंतु तळाशी बसलेले तांबे नाहीसे होत नाही. धातू कुजत नाही, विघटित होत नाही. पूर आला, गाळ ढवळला, पाण्याचा सामू घसरला की तेच तांबे पुन्हा पाण्यात उतरते. गाळ ही विषाची ठेव असते.

याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग पाडले आहेत. त्यांतील 'ड' वर्ग हा वन्यजीव व मत्स्यसंवर्धनासाठीचा वर्ग होय. या वर्गाच्या निकषांत सामू आहे, विरघळलेला प्राणवायू आहे, मुक्त अमोनिया आहे. तांब्याचे नावच नाही. म्हणजे माशांसाठी म्हणून राखलेल्या पाण्यात माशांच्या या जहाल विषाची मोजणी करणे सरकारला आवश्यक वाटलेले नाही. सांडपाण्यासाठी एक जैविक चाचणी आहे खरी : शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. परंतु चार दिवस जिवंत राहणे म्हणजे जगणे नव्हे. ज्याचे घ्राणेंद्रिय निकामी झाले आहे, जो वाढणार नाही आणि ज्याची पिले शत्रूच्या तोंडी जाणार आहेत, तो मासाही या परीक्षेत उत्तीर्ण होतो.

माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकात ते ०.०५ आणि पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. तेव्हा एखादा अधिकारी गावकऱ्यांसमोर नदीचे पाणी पेल्यात भरून पिऊन दाखवू शकेल. त्याला काही होणार नाही, आणि त्याच पाण्यात मासा मात्र जगणार नाही. तांबे पाऱ्याप्रमाणे अन्नसाखळीत पायरीपायरीने साठत जात नाही, त्यामुळे मासा खाणाऱ्याला फारसा धोका नाही, हेही तो सांगेल आणि त्यात तो खोटे बोलणार नाही. या सत्यांमधूनच अन्याय लपवला जातो. खाणाऱ्याला धोका नसेल. पण पकडणाऱ्याचे काय? शहरातील ग्राहक दुसरीकडचा मासा विकत घेईल. ज्याची उपजीविका त्या नदीच्या त्याच पात्राशी बांधलेली आहे, त्याला दुसरी नदी नाही. म्हणून ही मर्यादा कोणाच्या सोयीची, या प्रश्नाचे उत्तर वर्गीय आहे.

सुवर्णरेखेपासून फ्लाय नदीपर्यंत

झारखंडमधील सिंहभूमचा ताम्रपट्टा घ्या. १९२४ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश मालकीच्या इंडियन कॉपर कॉर्पोरेशनने मुसाबनी-घाटशिला परिसरात खाणी आणि सुवर्णरेखेच्या काठी मऊभंडार येथे भट्टी उभारली. १९७२ मध्ये ही कंपनी राष्ट्राच्या मालकीची होऊन हिंदुस्तान कॉपरमध्ये विलीन झाली. राष्ट्रीयीकरण ही कामगारवर्गाच्या लढ्याची मागणी होती आणि तिचे महत्त्व आम्ही तसूभरही कमी करत नाही. परंतु मालक बदलला तरी नाल्याचा उतार नदीकडेच राहिला. या शतकाच्या आरंभी मुसाबनी आणि राखा येथील खाणी बंद पडल्या, हजारो कामगार उघड्यावर आले. खनिज दळून उरलेल्या गाळाचे ढीग मात्र तेथेच राहिले. गंधकयुक्त खडक उघडा पडून हवापाण्याच्या संपर्कात आला की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि त्या आम्लाबरोबर तांबे वाहू लागते. ही क्रिया खाण बंद पडल्यानंतरही दशकानुदशके चालू राहते. नफा लंडनला गेला, रोजगार संपला, आणि विष स्थानिक आदिवासी व कोळी कुटुंबांच्या वाट्याला राहिले.

आपल्या गोंदिया जिल्ह्याशेजारच्या बालाघाटात, १९८२ साली राष्ट्राला अर्पण झालेला मलाजखंड प्रकल्प देशातील सर्वात मोठ्या ताम्रसाठ्यावर उभा आहे. तो बंजर नदीच्या परिसरात आहे. ही नदी पुढे कान्हाच्या अरण्यातून जाऊन मंडला येथे नर्मदेला मिळते. येथील बैगा आणि गोंड जनतेसाठी ओढ्यातला मासा ही चैनीची वस्तू नाही, ते पावसाळ्यातील अन्न आहे. तेव्हा मलाजखंडच्या गाळाच्या बांधाचा प्रश्न हा सरळ सरळ अन्नाचा प्रश्न आहे.

भांडवल निर्बंधमुक्त झाले की काय करते, हे पापुआ न्यू गिनीतील ओक तेडी खाणीने जगाला दाखवले आहे. १९८४ मध्ये गाळ अडवण्याच्या बांधाची जागा दरड कोसळून वाया गेली. बलाढ्य ऑस्ट्रेलियन कंपनी बीएचपीने चालवलेल्या या खाणीने मग बांधाशिवायच उत्पादन सुरू केले आणि दररोज हजारो टन गाळ ओक तेडी नदीत व तेथून फ्लाय नदीत सोडला. माशांची संख्या घटली, नदीकाठची जंगले आणि बागायती गाळाखाली गेल्या. १९९४ मध्ये तेथील जनतेने मेलबर्नच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा त्यांच्याच देशाच्या सरकारने परदेशी न्यायालयात असे दावे करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला! १९९६ मध्ये तडजोड झाली; १९९९ मध्ये कंपनीने हानी अपेक्षेहून मोठी असल्याची कबुली दिली; आणि २००२ मध्ये आपले भाग सोडून देऊन, भावी दायित्वापासून संरक्षण पदरात पाडून घेत ती निघून गेली. नदी मागे राहिली.

याच संदर्भात एक कटू गोष्टही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी झांबियात तांब्याच्या खाणीचा बांध फुटून प्राथमिक अंदाजानुसार सुमारे पाच कोटी लिटर आम्लयुक्त पाणी काफुए नदीच्या खोऱ्यात गेले, शंभर किलोमीटरपर्यंत मासे मेले आणि किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. ती कंपनी चिनी राज्यसंस्थेच्या मालकीच्या उद्योगाशी संबंधित होती. मालकी सरकारी असली की नदी आपोआप सुरक्षित होते, असा भ्रम आपण बाळगता कामा नये. उत्पादनावर खाणीतील श्रमिकांचे आणि नदीकाठच्या जनतेचे नियंत्रण नसेल, तर सरकारी ताळेबंदही खाजगी ताळेबंदाप्रमाणेच नदीला फुकटचे गटार समजतो.

भाकरी आणि मासा

आता आपल्या साथींच्या आक्षेपाकडे वळू. तांबे हवे आहे, हे निर्विवाद. विजेची तार तांब्याची, रोहित्र तांब्याचे, पंपाची मोटार तांब्याची. खाण बंद करा, ही आमची मागणी नाही. परंतु मासा की रोजगार, असा पर्याय मांडणारा मनुष्य मालकाच्या हिशेबवहीतून बोलत असतो. सांडपाण्यात चुना मिसळून सामू वाढवला की बहुतांश तांबे खाली बसते. सल्फाइडच्या प्रक्रियेने त्याहूनही अधिक काढून घेता येते. पाणी पुन्हा वापरता येते. गाळाच्या साठ्याला अभेद्य अस्तर घालता येते. यातील कोणतेही तंत्र गुप्त अथवा दुर्मिळ नाही. त्याला खर्च येतो, आणि तो खर्च नफ्यातून करावयाचा की माशांच्या व मच्छीमारांच्या जीवावर टाकावयाचा, एवढाच वाद आहे. हा खर्च वाचवणारा मालक खाणीतील धूळ दाबण्यावरचा आणि कामगाराच्या सुरक्षिततेवरचा खर्चही वाचवतो, हे आपल्या युनियनच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रातील साथींनी एक आत्मपरीक्षणही करावयास हवे. १९९२ साली रत्नागिरीत स्टरलाइटच्या ताम्रभट्टीसाठी जमीन देण्यात आली. बागायतदार आणि मच्छीमार यांच्या लढ्यामुळे १९९३ मध्ये ते काम थांबले. आपण त्याला विजय म्हटले, आणि रत्नागिरीपुरता तो विजय होताही. परंतु तोच प्रकल्प पुढच्याच वर्षी तमिळनाडूच्या तूतिकोरिनला गेला. तेथे प्रश्न हवेचा, भूजलाचा आणि समुद्राचा होता. त्याची किंमत २२ मे २०१८ रोजीच्या पोलीस गोळीबारात १३ जणांनी प्राण देऊन चुकवली. त्यानंतर भट्टी बंद झाली, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. यातून दोन धडे मिळतात. विष एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर ढकलणे हा अखिल भारतीय पक्षाचा विजय असू शकत नाही. आणि भट्टी बंद होते तेव्हा तेथील कामगाराच्या पोटापाण्याची मागणी आपण त्याच व्यासपीठावरून केली नाही, तर तो कामगार मालकाच्या मोर्चात उभा राहतो.

येथे आपल्या आद्य आचार्यांचे स्मरण करणे उचित होईल. १८४५-४६ मध्ये 'जर्मन विचारप्रणाली' लिहिताना मार्क्स आणि एंगल्स यांनी फॉयरबाखच्या खंडनासाठी उदाहरण घेतले ते गोड्या पाण्यातील माशाचेच. नदी उद्योगाच्या दावणीला बांधली गेली, तिच्यात रंग आणि टाकाऊ द्रव्ये मिसळली की ती माशाचे सहज जीवनस्थान राहत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. माशाने आपल्या नशिबावर समाधान मानावे, असे सांगणारे तत्त्वज्ञान श्रमिकालाही तेच सांगत असते, हे त्यांनी ओळखले होते. ज्यांना हा प्रश्न मार्क्सवादाबाहेरचा वाटतो, त्यांनी ते प्रकरण पुन्हा वाचावे.

नवा लोभ, सैल कायदा

हा वाद आज तातडीचा झाला आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तांब्याचा समावेश 'महत्त्वपूर्ण खनिजां'च्या यादीत केला आणि खोलवरच्या खनिजांच्या शोधाचे परवाने खाजगी कंपन्यांना देण्याची तरतूद केली. हिंदुस्तान कॉपरमधील सरकारचा हिस्सा सुमारे दोन-तृतीयांशावर आलेला आहे, आणि तिचे खनिज उत्पादन वर्षाला १ कोटी २२ लाख टनांवर नेण्याची योजना आहे. हरित ऊर्जेच्या नावाखाली होणाऱ्या या विस्ताराबरोबर कायदा कडक होईल, अशी कोणाची भाबडी अपेक्षा असेल तर ती फोल आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्याखालील अपराधांसाठीचा तुरुंगवास काढून दंड ठेवला. १९७४ च्या जल कायद्यातही २०२४ च्या दुरुस्तीने अनेक अपराधांवरील तुरुंगवासाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. आणि ही दुरुस्ती प्रथम ज्या राज्यांना लागू झाली त्यांत खेत्रीच्या तांब्याचे राजस्थानही आहे. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला १५ लाख हा नदी वापरण्याचा परवाना-शुल्क वाटेल. जनविश्वास म्हणे! विश्वास कोणाचा आणि कोणावर?

म्हणून खाण, भट्टी, धातू-मुलामा उद्योग आणि मच्छीमार वस्त्या यांत काम करणाऱ्या सर्व शाखांनी पुढील मागण्या आपल्या कार्यक्रमात घ्याव्यात :

१. मत्स्यसंवर्धनाच्या 'ड' वर्गात विरघळलेल्या तांब्याची मर्यादा समाविष्ट करावी, आणि ती त्या त्या पाण्याच्या कठीणपणानुसार ठरवावी.

२. सांडपाण्यातील ३ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा रद्द करून, उन्हाळ्यातील नदीचा किमान प्रवाह धरून नवी मर्यादा आखावी. ९६ तासांच्या चाचणीबरोबर पिलांच्या वाढीची दीर्घ मुदतीची चाचणीही सक्तीची करावी.

३. पाण्याचे व गाळाचे नमुने ग्रामसभा, मच्छीमार सहकारी संस्था आणि कामगार युनियन यांच्या प्रतिनिधींसमक्ष घ्यावेत व निष्कर्ष स्थानिक भाषेत जाहीर करावेत.

४. शुद्धीकरणासाठी उत्पादन थांबवावे लागल्यास कामगारांना पूर्ण वेतन आणि मच्छीमारांना नुकसानभरपाई कंपनीच्या नफ्यातून द्यावी.

५. बंद खाणींच्या गाळाची जबाबदारी कायमची मालकावर आणि त्याच्या वारसदार कंपनीवर टाकावी.

६. प्रदूषणाच्या गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाची तरतूद पुन्हा आणावी.

या मागण्या एकट्या मच्छीमाराने केल्या तर कचेरीतून तो रिकाम्या हाताने परत येईल; एकट्या कामगाराने केल्या तर त्याला कामावरून काढले जाईल. खाणीच्या दरवाजावरची सभा आणि नदीकाठची सभा एकाच झेंड्याखाली भरू लागली, की 'सांडपाणी विहित मर्यादेत आहे' हे वाक्य उच्चारणाऱ्या अधिकाऱ्याला प्रथमच समोरून प्रतिप्रश्न ऐकावा लागेल : मर्यादा कोणाची, साहेब? तो प्रश्न विचारण्याची तयारी प्रत्येक शाखेने आतापासून करावी.